हवाई दलाच्या सेनानीचा देखावा करणार असाल तर: ठाणे-नवी मुंबईच्या गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, देखावा समित्या आणि कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

ऑपरेशन सिंदूरपासून देखाव्यांत हवाई दल आले, ही चांगली गोष्ट झाली. पण बहुतेक देखाव्यांचा साचा ठरून गेला आहे. मध्ये एक राफेल किंवा सुखोई, भोवती लाल जिलेटिन पेपरची आग, खाली चार फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत ‘परमवीर’. फोटोतला अधिकारी कोणत्या युद्धात लढला, कोणते विमान चालवत होता आणि त्याला पदक नेमके कशासाठी मिळाले, याचा त्या आगीशी काहीही संबंध नसतो. आमच्यातले काही जण हवाई दलात विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले आहेत, काही जण विमानांची स्केल मॉडेल बनवतात. आमची विनंती एवढीच, की एक वरिष्ठ अधिकारी निवडा, त्याचे एकच उड्डाण निवडा आणि त्याच उड्डाणाचे विमान उभे करा. कसे करायचे आणि कुठे फसते, ते पुढे लिहिले आहे.

वरिष्ठ अधिकारीच का? स्टेशनच्या (हवाई तळाच्या) किंवा ग्रुपच्या कमांडरचे युद्धातले काम मुख्यतः टेबलावरचे असते: विमाने किती तयार आहेत, बाँब किती उरले, कोणाला कुठे धाडायचे. स्वतः उडायची सक्ती त्याच्यावर नसते, आणि तो पडला तर अख्ख्या मोहिमेची घडी विस्कटते. तरीही काही जण उडाले, कारण आपण देतो तो हुकूम विमानात बसून पाळता येण्याजोगा आहे का, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. एअर कमोडोर मेहर सिंग, हृषिकेश मुळगावकर, ग्रुप कॅप्टन चंदन सिंग, विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल या चौघांना महावीर चक्र मिळाले आणि चौघांपैकी एकालाही ते शत्रूचे विमान पाडल्याबद्दल मिळालेले नाही. तेव्हा त्यांच्या देखाव्यात पेटून खाली येणारे पाकिस्तानी सेबर लढाऊ विमान दाखवू नका.

आपल्या भागाला सर्वांत जवळचे नाव मुळगावकरांचे. जन्म १४ ऑगस्ट १९२०, मुंबई. हवाई दलात कमिशन १९४० साली. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात श्रीनगरची विंग त्यांच्याकडे होती आणि महावीर चक्र त्याच युद्धातल्या कामगिरीचे आहे. पुढे १ फेब्रुवारी १९७६ ते ३१ ऑगस्ट १९७८ ते हवाई दल प्रमुख होते. ९ एप्रिल २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. (त्यांच्या आधीचे प्रमुख ओ. पी. मेहरा आणि नंतरचे आय. एच. लतीफ हे दोघेही पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. राजभवनामुळे ती दोन नावे आपल्याकडे ऐकलेली असतात, मधले मराठी नाव मात्र सांगावे लागते.) त्यांचा देखावा करताना हमखास होणारी चूक म्हणजे एअर चीफ मार्शलच्या गणवेशातला फोटो आणि खाली ‘१९४८ चे युद्ध’. ते पद त्या युद्धानंतर सुमारे २८ वर्षांनी आले. युद्धाचा देखावा असेल तर तरुणपणीचा फोटो लावा.

विमान काढाल ते हॉकर टेम्पेस्ट २. पंखांचा विस्तार १२.५ मीटर, लांबी साडेदहा मीटर, पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा. इंटरनेटवर ‘टेम्पेस्ट’ शोधले की आधी टेम्पेस्ट ५ ची चित्रे येतात. त्याच्या नाकाखाली हनुवटीसारखा मोठा रेडिएटर असतो. आपल्याकडे होते ते टेम्पेस्ट २, त्याला हवेने थंड होणारे गोल सेंटॉरस इंजिन आहे. म्हणजे नाक बोथट आणि गोल, खाली हनुवटी नाही. पंख्याला चार पाती. चित्रकाराला हे एक वाक्य आधी सांगितले तर नंतर विमान पुसावे लागत नाही.

बेनेगल १९७१ मध्ये १०६ स्क्वाड्रनचे कमांडर होते, कॅनबेरा विमानांवर. काम टेहळणीचे, म्हणजे शत्रूच्या हद्दीत खोल जाऊन फोटो काढून आणायचे. ते कॅनबेरा निःशस्त्र असते. फोटो जोडून नीट पाहता यावेत म्हणून प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण ६० टक्के भाग पुन्हा यावा लागतो आणि त्यासाठी विमान सरळ रेषेत, एकाच उंचीवर, एकाच वेगाने ठेवावे लागते. विमानविरोधी तोफांना याहून सोपे लक्ष्य कोणते? हा देखावा आगीविना, नुसत्या प्रकाशात जमतो. जमिनीवर नकाशा अंथरा, वर विमान टांगा आणि खालच्या नकाशावर एकामागून एक चौकोनी प्रकाश पडू द्या. फोटोटेहळणीचे कॅनबेरा, पीआर ५७, याची काच विमानाच्या मध्यरेषेवर असते. बाँबफेकीचे बी(आय) ५८ याची काच डावीकडे सरकलेली असते. ते विमान हवे असेल तर देखावा विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांचा करा. १९६५ मध्ये महावीर चक्र आणि १९७१ मध्ये त्याच पदकाचा बार (म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा) मिळवणारा हा अधिकारी. दोघांची विमाने आपसांत बदलू नयेत.

चंदन सिंग यांचा विषय मोठा आहे आणि खर्चीकही. १९७१ मध्ये ते जोरहाटच्या हवाई तळाचे प्रमुख होते. मेघना नदीवरचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवल्यावर ९ डिसेंबरपासून लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरचे सैनिक एमआय-४ हेलिकॉप्टरांनी नदीपार नेले गेले. त्याआधी सिल्हेटमध्ये सैनिक उतरवले होते, तेव्हा ७-८ डिसेंबरच्या रात्री चंदन सिंग स्वतः आठ वेळा तिकडे जाऊन आले. शरणागतीपर्यंत त्यांनी १८ मोहिमा उडवल्या आणि जवळपास ३००० सैनिक व ४० टन सामग्री हलवण्याचे श्रेय त्यांच्या मानपत्रात नोंदवले आहे. मोहीम म्हणजे मोहीम. ‘१८ विमाने पाडली’ असे फलकावर लिहू नका. हेलिकॉप्टर काढताना एमआय-१७ काढू नका. एमआय-४ चे पिस्टन इंजिन नाकात असते, त्यामुळे पुढचा भाग फुगीर आणि वैमानिक इंजिनाच्या वर, उंचावर बसलेले. मुख्य पंख्याला पाती चार, एमआय-१७ ला पाच. पंख्याचा व्यास २१ मीटर, म्हणजे १:१० मापात २.१ मीटर. नदीसाठी खरे पाणी भरायचा मोह होईल. तो आवरा. मांडवात पाणी, वायरी आणि गर्दी एकत्र आणू नये. काळी ॲक्रिलिक शीट आणि तिच्यावर तिरपा निळा प्रकाश पुरतो.

पण आमचा कौल लेहला. कमी जागेत, कमी खर्चात, आणि एका बाजूने पाहणाऱ्या गर्दीला नीट दिसणारा असा हा प्रसंग आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात कारगिल हल्लेखोरांच्या ताब्यात गेले होते, द्रासला वेढा पडला होता, लेहला जमिनीवरून मदत पोचत नव्हती. लडाखी अभियंता सोनम नोरबू यांच्या देखरेखीखाली सिंधूच्या काठावर वाळूत धावपट्टी तयार झाली. उंची ११,५०० फुटांच्या आसपास. २४ मे १९४८ रोजी एक नंबर ऑपरेशनल ग्रुपचे प्रमुख एअर कमोडोर मेहर सिंग यांनी स्वतः डाकोटा हे दोन इंजिनांचे मालवाहू विमान चालवत तिथे उतरवले, सोबत मेजर जनरल थिमय्या होते. हेच मेहर सिंग १९४४ मध्ये ब्रह्मदेशात सहा नंबर स्क्वाड्रनचे नेतृत्व करताना डीएसओ हे ब्रिटिश पदक मिळवलेले. त्यांच्यानंतर डाकोटांनी तिथे सैनिक आणले.

यात धाडस नेमके कुठे आहे, ते प्रेक्षकाला कळले तरच देखावा चढतो. तेवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ७० टक्के. पंखांना तेवढाच भार उचलायला विमानाचा जमिनीवरचा वेग जवळपास २० टक्के जास्त लागतो, म्हणून उतरताना ते जास्त वेगाने येते, थांबायला जास्त पट्टी घेते. उडताना त्याहून वाईट, कारण इंजिनांची ताकदही विरळ हवेत कमी झालेली असते. केबिन दाबयुक्त नाही. वाटेत झोजिला खिंडीच्या आजूबाजूची शिखरे. एकदा दरीत शिरल्यावर मागे वळायला जागा कुठे आहे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. आणि पट्टीवर त्याआधी एकही विमान उतरलेले नाही, त्यामुळे वाळू चाक धरून ठेवील की नाही हे विचारायलाही कोणी नाही. नवी मुंबई विमानतळाच्या ३७०० मीटर धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ ला पहिले उतरले तेही हवाई दलाचेच, सी-२९५ मालवाहू विमान. त्या दिवशीचे फोटो गर्दीने पाहिलेले असतात. निवेदनात त्या पक्क्या, मोजलेल्या पट्टीचा एका ओळीत उल्लेख केला तर लेहच्या वाळूचा अर्थ लोकांना लगेच लागतो.

आता बांधणी. डाकोटाचा विस्तार २९ मीटर, लांबी सुमारे साडेएकोणीस मीटर. १:८ माप घ्या. पंख ३.६३ मीटर, म्हणजे बारा फूट, आणि लांबी सुमारे आठ फूट. पंधरा-सोळा फुटी रंगमंचावर हे बसते आणि दोन्ही बाजूंना चालायला जागा राहते. याहून मोठे केले की मांडवाचा खांब पंखात येतो, मग पंख कापला जातो. अर्ध्या पंखाचे डाकोटा कोणालाही शोभत नाही.

धडासाठी ६ मिमी प्लायच्या गोल चकत्या, सर्वांत मोठी ३१ सेंमी व्यासाची, नाक आणि शेपटीकडे लहान होत जाणाऱ्या. ३० सेंमी अंतराने नऊ चकत्या. पंखांसाठी १४ फासळ्या, धडाजवळ सुमारे ५४ सेंमी लांबीच्या, टोकाकडे निमुळत्या. सगळे मिळून आठ बाय चारच्या एका प्लायमध्ये बसते. दुसरा प्लाय शेपटी, इंजिनांची कडी आणि चुकलेल्या कापासाठी ठेवा. धडाच्या लांबीभर चार बांबूच्या चिवाट्या, पंखांच्या आत २५ मिमी चौकोनी ॲल्युमिनियम पाइप. पाइप बारा फुटांचाच मिळतो आणि पंखही बारा फुटांचाच, म्हणून तो अख्खा आडवा घालायचा मोह होतो. घालू नका. डाकोटाच्या पंखाचा मधला भाग, इंजिनांसकट, सपाट असतो आणि इंजिनांच्या बाहेरचे दोन भाग थोडे वर उचललेले, साधारण पाच अंश. पाइपचे तीन तुकडे करा आणि सांध्यात आतून लोखंडी पट्टी वाकवून बसवा. पंखाची पुढची कड बाहेरच्या भागात मागे झुकते, मागची कड जवळजवळ सरळ राहते. या दोन गोष्टी जमल्या की लांबून पाहणाराही ‘डाकोटा’ म्हणतो.

कातडीला थर्मोकोल नको. २०१८ च्या बंदीपासून सजावटीचा थर्मोकोल आपल्याकडे चालत नाही, आणि आगीच्या दृष्टीनेही तो वाईटच. तीन पदरी पुठ्ठा वाकवून बसवा, त्यावर वर्तमानपत्राचे चार थर खळीने. पुठ्ठ्याच्या नळ्या धडाच्या लांबीच्या दिशेने याव्यात, नाहीतर गोलाई येताना पुठ्ठा तुटून कोन पडतात. भाद्रपदातल्या दमट हवेत मैद्याच्या खळीला दोन दिवसांत बुरशी येते. एक किलो मैद्याच्या खळीत चमचाभर मोरचूद विरघळवून घाला, हातमोजे घाला आणि मुलांना त्या बादलीपासून लांब ठेवा, ते विष आहे. प्रत्येक थर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. वरून कोरडा आणि आतून ओला असताना प्रायमर मारला तर विसर्जनाच्या आधी फुगे येतात. मोरचूद घातले तरी उंदीर बाप्पाचे वाहन म्हणून सोडून द्यायचा नाही, शेपटीपासून कुरतडायला सुरुवात करतो. रात्री विमानाखाली प्रसादाचे खोके ठेवू नका.

रंग बिनरंगी धातूचा चंदेरी किंवा मिलिटरी हिरवा. आजच्या मालवाहू विमानांचा राखाडी नको. केशरी-पांढरे-हिरवे गोल चिन्ह १९५० पासूनचे आहे, १९४८ च्या विमानावर ते चुकते. त्याआधीच्या काळासाठी निळ्या अशोकचक्राचे चिन्ह काढा. ब्रह्मदेशातल्या युद्धाचा देखावा असेल तर चिन्हात लाल रंग अजिबात नको. जपानी विमानांशी गोंधळ होऊ नये म्हणून तिथे गडद निळा आणि फिका निळा एवढेच होते.

विमान उभे कसे करायचे, इथे दहातले आठ चुकतात. डाकोटाला नाकाखाली चाक नसते. पुढे दोन मोठी चाके, मागे शेपटीखाली एक लहान. जमिनीवर ते नाक वर करून, साधारण अकरा-बारा अंशांत उभे राहते. चाके १:८ मापात १४ सेंमी व्यासाची, इंजिनाचे पंखे ४४ सेंमीचे आणि तीन पात्यांचे. माल आणि माणसे चढायचा मोठा दरवाजा धडाच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला. थिमय्या आणि मेहर सिंग विमानाबाहेर आलेले दाखवायचे असतील तर विमानाची डावी बाजू प्रेक्षकांकडे हवी, म्हणजे नाक प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. मंचाची रचना आधी करून विमान उलटे बसवलेत तर पुतळे बंद भिंतीतून बाहेर आल्यासारखे दिसतात.

विमान हलवावे का? आमचे मत, हलवू नका, प्रकाश हलवा. हलवायचेच असेल तर दोरीने ओढू नका. नायलॉनची दोरी ताणाने आणि ओलाव्याने लांबत जाते, तिसऱ्या दिवशी विमान पट्टीच्या अलीकडेच थांबते. ॲल्युमिनियम चॅनेलचे दोन रूळ, चार बेअरिंगची चाके, १२ व्होल्टची वर्म गिअर मोटर आणि दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे टोकाला पोचताच मोटर थांबवणारे स्विच. वर्म गिअर यासाठी की वीज गेली तरी तो जागेवर अडतो, उतारावरून गाडी घरंगळत नाही. डाकोटा उतरताना आधी पुढची चाके टेकतात, शेपूट वर असते आणि वेग उतरल्यावर ती खाली बसते. मॉडेलमध्ये ही शेपूट पाऊण ते एक फूट खाली यायला हवी. रुळाच्या शेवटच्या तुकड्यात शेपटीच्या चाकाखालचा रूळ उतरता केला की हे आपोआप होते, वेगळी मोटर लागत नाही. एवढी एक हालचाल नीट जमली तर बाकी काही हलवायची गरज राहत नाही.

पंखे फिरवायला टेबलफॅनची मोटर लावू नका. हजाराच्या वर फेरे आणि पुठ्ठ्याची पाती म्हणजे पहिल्या पंक्तीतल्या मुलाच्या डोळ्याशी खेळ. २०० ते ३०० फेऱ्यांची गिअर मोटर पुरते, आणि कठड्यापासून दीड मीटर अंतर. धूळ दाखवायला खरी वाळू उडवू नका, ती बेअरिंगमध्ये जाते आणि लोकांच्या डोळ्यांत. पातळ मलमलीचा मातकट तुकडा, खाली लहान पंखा, बाजूने पिवळट प्रकाश. धुराचे यंत्र बंद मांडवात चालवले तर दम्याच्या माणसाला बाहेर काढावे लागते आणि फरशी निसरडी होते. दिवे एलईडीच. हॅलोजन कागदाच्या पंखापासून फूटभर अंतरावर तापत राहिला तर बारा दिवसांत काय होईल ते सांगायला नको. मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि वायरींचे सांधे जमिनीवर न ठेवता खांबाला उंचावर.

मागचा पडदा रंगवणाऱ्याला लेहचा मे महिन्यातला फोटो द्या. न दिल्यास तो देवदार, बर्फ आणि लाल छपराचे घर काढतो. लेहचे डोंगर तपकिरी, उघडे, बर्फ फक्त लांबच्या माथ्यावर, हिरवळ नदीकाठी चिमूटभर. वाळूची पट्टी आणि डोंगर दोन्ही मातकट असल्यामुळे चंदेरी विमान त्यावर उठून दिसते, हाही चंदेरी रंग घेण्यामागचा एक हेतू.

आवाज डाकोटाचा लावा. दोन पिस्टन इंजिने, प्रत्येकी १४ सिलिंडर, १२०० अश्वशक्ती. तो घुमणारा, खर्जातला आवाज आहे, जेटची किंकाळी नाही. निवेदन सहा मिनिटांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर रांग रस्त्यावर येते आणि पुढच्या खेपेला पोलीस ते तीन मिनिटांवर आणतात. सुरुवात साधी ठेवा: ‘२४ मे १९४८. श्रीनगरहून निघालेले डाकोटा झोजिला ओलांडून पूर्वेला वळले आहे. वैमानिकाच्या जागी एअर कमोडोर मेहर सिंग. खाली सिंधूकाठची वाळूची पट्टी. तिच्यावर आजवर एकही विमान उतरलेले नाही.’ एवढ्यावर पाच सेकंद नुसता इंजिनाचा आवाज. ‘भारतमातेच्या या वीर सुपुत्राने’ वगैरे नंतर घालायचेच असेल तर घाला, पण पहिल्या मिनिटात नको.

फलकांकडे वळू. ग्रुप कॅप्टन म्हणजे कॅप्टन नव्हे. तो भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, बाहीवर चार पट्ट्या. विंग कमांडर लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा, तीन पट्ट्या. एअर कमोडोरला एकच रुंद पट्टी. ती एक दिसते म्हणून चित्रकार त्याला कनिष्ठ समजून आणखी दोन जोडतो. पद लिहायचे ते त्या प्रसंगाच्या दिवशीचे. १९६५ च्या युद्धात अर्जन सिंग हवाई दल प्रमुख होते, पण एअर मार्शल म्हणून. प्रमुखाचे पद एअर चीफ मार्शल झाले ते १९६६ मध्ये, आणि मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हा मान २००२ मध्ये. त्यांचे उड्डाणशौर्याचे पदक, डीएफसी, १९४४ च्या इंफाळचे आहे, १९६५ चे नव्हे.

परमवीर चक्र हवाई दलात आजवर एकालाच मिळाले आहे, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना. बाकी सर्वांच्या नावापुढे ‘परमवीर’ लिहिणे हे कौतुक नाही, चूक आहे. महावीर चक्र २६ जानेवारी १९५० ला स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू केले गेले, म्हणून ‘१९४८ मध्ये महावीर चक्र मिळाले’ असे न लिहिता ‘१९४८ च्या कामगिरीसाठी’ असे लिहा. ऑपरेशन सिंदूरच्या पदकांविषयी लिहाल तेव्हा सर्वोत्तम युद्ध सेवा पदक आणि वीर चक्र एका ओळीत ‘शौर्यपदके’ म्हणून कोंबू नका. पहिले युद्धातल्या सेवेचे आणि नेतृत्वाचे, दुसरे प्रत्यक्ष शत्रूसमोरच्या शौर्याचे. मुळगावकरांच्या नावामागे पीव्हीएसएम (परम विशिष्ट सेवा पदक) आधी आणि एमव्हीसी (महावीर चक्र) नंतर येते. कोणी ‘सुधारून’ उलटे करील, करू देऊ नका, अधिकृत क्रम तोच आहे.

महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी, आणि नारिंगी भाग छातीवर डाव्या खांद्याच्या बाजूला. समोरून पाहणाऱ्याला पांढरा डावीकडे, नारिंगी उजवीकडे दिसतो. वीर चक्रात पांढऱ्याच्या जागी गडद निळा. फोटो फ्लेक्सच्या मांडणीत बसावा म्हणून डिझायनर तो आडवा पलटवतो, तेव्हा फीत, पदके आणि वैमानिकाचे पंख उजव्या छातीवर जातात. ते डाव्या खिशाच्या वरच असायला हवेत. छापण्याआधी ही एक गोष्ट बोट ठेवून तपासा. बी(आय) ५८ कॅनबेराची डावीकडची काच उजवीकडे गेलेली दिसली तरी हेच झाले असे समजा.

अक्षरांचे म्हणाल तर स्क्वाड्रन, चक्र, कॅप्टन, उड्डाण हे शब्द छपाईत फुटतात. युनिकोडमधला मजकूर दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये उघडला की जोडाक्षरे सुटी होतात आणि रफार भलत्या अक्षरावर बसतो. फाइल देताना अक्षरे कर्व्हमध्ये बदलून द्या, सोबत त्याच मजकुराचा फोटो द्या, आणि पहिली प्रत तपासल्याशिवाय पुढची छापू नका. दोन मीटरवरून वाचायचा मजकूर असेल तर अक्षराची उंची दोन सेंमी तरी हवी, आणि ओळींत मोकळी जागा इंग्रजीपेक्षा जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मजकूर साठ-सत्तर शब्दांचा पुरे. रांगेतला माणूस त्याहून जास्त वाचत नाही.

‘हुतात्मा’ हा शब्द लिहिण्याआधी मृत्यूची तारीख पाहा. मुळगावकर ९४ वर्षांचे होऊन गेले. बेनेगल २००३ मध्ये, चंदन सिंग २०२० मध्ये वारले. मेहर सिंग १९५२ मध्ये विमान अपघातात गेले, तेव्हा ते हवाई दल सोडलेले होते. गौतम २५ नोव्हेंबर १९७२ ला पुण्यात मिग-२१ च्या अपघातात गेले, युद्ध संपल्यावर. फोटोला हार जरूर घाला, पण शब्द जो लागू होतो तोच वापरा.

मानपत्रातला मजकूर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर आणि भारताच्या राजपत्रात मिळतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय निवेदकाच्या हातात देऊ नका. राजमुद्रा देखाव्यात सजावट म्हणून वापरता येत नाही, त्याला २००५ चा कायदा आहे. हवाई दलाचे बोधचिन्हही परवानगीशिवाय नको, त्यातही सिंहमुद्रा आहे. ब्रीदवाक्य लिहाल तर नीट लिहा: नभःस्पृशं दीप्तम्. गीतेच्या अकराव्या अध्यायातले आहे, विसर्ग आणि अनुस्वार दोन्ही हवेत. आणि कोलशेतच्या हवाई दल स्टेशनच्या फाटकावर ‘देखाव्यासाठी फोटो हवेत’ म्हणून जाऊ नका. तिथे फोटो काढायला मनाई आहे, आणि फाटकावरच्या जवानाकडे तुम्हाला द्यायला काही नसते.

विसर्जनानंतर विमान मोडू नका. पंखांचे तिन्ही भाग सांध्यावर बोल्टने जोडले असतील तर अर्ध्या तासात सुटतात, आणि आठ फुटांचे धड छोट्या टेंपोत मावते. जवळच्या शाळेच्या विज्ञान खोलीत छतापासून टांगायचे झाले तर चार मिमीची स्टीलची तार, दोन ठिकाणी, आणि तिसरी सैल तार केवळ सुरक्षेसाठी. टांगायचे बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक चतुर्थांशावर घ्या. मधोमध घेतलेत तर नाक वर जाऊन शेपूट फळ्यावर आपटते. दमट भिंतीपासून अर्धा फूट लांब ठेवा, आणि फलकही सोबत द्या.

आपले,
ठाणे, कळवा, ऐरोली आणि नेरुळ येथील काही निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ आणि विमानांची स्केल मॉडेल बनवणारे